कॉम्प्युटर बिघडला की आधी बातम्या बघाव्यात का?

सोल्डरवाला (धागाकर्ता)

'याला कॉम्प्युटरचं कळतं' असा शिक्का सोसायटीत आणि नातेवाइकांत एकदा बसला की आपले रविवार आपले राहत नाहीत. पूर्वी या तक्रारींची उत्तरं कॅबिनेटच्या आत सापडायची. साठलेली धूळ, सुटलेली केबल, मेलेली एसएमपीएस (वीज पुरवणारी पेटी), कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरस. हल्ली मात्र कॅबिनेट उघडून बघावं तर आत सगळं ठणठणीत असतं. दुखणं ब्रुसेल्समध्ये, कोरियात नाहीतर जेद्दाजवळच्या समुद्रात असतं. आणि लोक म्हणतात, "जरा फॉरमॅट मारून दे ना."

फॉरमॅट मारून न सुटणाऱ्या या गोष्टींसाठी हा धागा. टीव्हीवर रात्री नऊला जगाचा जो निकाल लागतो त्यात मला रस नाही. जगाचं राजकारण माझ्याकडे येतं ते रॅमच्या भावातून आणि लॉगिनच्या खिडकीतून.

सगळ्यात जास्त फोन विंडोज १० चे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं त्याचे नेहमीचे अपडेट थांबवले. बऱ्याच जणांना वाटलं की त्या रात्री बाराला मशीन बंद पडणार. तसं काही नसतं. मशीन चालतच राहतं, फक्त सुरक्षेची नवी ठिगळं लागत नाहीत. विंडोज ११ टाकायचं तर त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हवं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. ही पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. त्याआधीचं मशीन असेल तर बहुधा बाद. 'बहुधा' एवढ्यासाठी की असेंबल केलेल्या कित्येक डेस्कटॉपमध्ये टीपीएम असतं, पण बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद करून ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी या नावाखाली लपतं, एएमडीवर एफटीपीएम. रनमध्ये टीपीएम डॉट एमएससी टाका. 'सापडत नाही' असं उत्तर आलं तरी मशीन भंगारात काढण्याआधी बायोसमध्ये एक चक्कर मारा.

ज्यांचं खरंच बाद आहे त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट मिळतात. आपल्याकडे त्याचे तीन रस्ते आहेत: सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर सिंक करा म्हणजे फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट, नाहीतर ३० डॉलर. युरोपियन आर्थिक क्षेत्रातल्या लोकांना मात्र सिंकची अट नाही. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की काम झालं. विंडोज तेच, भोकं तीच, ठिगळही तेच. अटी ठरतात तुम्ही कुठे राहता त्यावरून. तिथल्या ग्राहक संघटना हात धुऊन मागे लागल्या म्हणून हे झालं. आपल्याकडे ग्राहक पंचायत १९७० च्या दशकापासून आहे. दूध आणि रिक्षाभाड्याच्या जोडीनं हा विषयही तिच्या टेबलावर यायला हवा, असं आपलं मला वाटतं.

"मग नवाच घेऊन टाकतो" म्हणणाऱ्यांना मी सध्या हात जोडतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात रॅमचा भाव विचारला तर दुकानदार सराफासारखा 'आजचा' भाव सांगतो, उद्याचं विचारू नका म्हणतो. जगातली जवळजवळ सगळी डीरॅम, म्हणजे रॅमच्या चिप, तीन कंपन्या बनवतात: कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना जी एचबीएम मेमरी लागते ती याच तिघींच्या कारखान्यांत, त्याच वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) बनते आणि तिच्यात नफा कितीतरी जास्त. मग तुमच्या-माझ्या लॅपटॉपची पट्टी कोण बनवत बसणार? मायक्रॉननं ३ डिसेंबर २०२५ ला जाहीरच केलं की क्रुशल या नावानं ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणं आपण बंद करतोय. म्हणजे आपण ज्या नावावर डोळे झाकून पट्टी उचलायचो तेच दुकानातून गेलं. हे असं आधीही झालंय. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, वेस्टर्न डिजिटलचे कारखाने पाण्याखाली गेले आणि हार्डडिस्क कितीतरी महाग झाल्या. फरक इतकाच की पूर ओसरतो, नफा ओसरत नाही.

म्हणून जुनं मशीन हळू चालतंय तर आधी बघायचं की नेमकं काय हळू आहे. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर जा. मशीन सुरू झाल्यावर दहा मिनिटं उलटली तरी डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर चिकटलेला आणि रॅम निम्मीच भरलेली, असं असेल तर रॅम वाढवून काडीचा फरक पडणार नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं टूल चालवा. त्यात सी५ या ओळीत, म्हणजे 'करंट पेंडिंग सेक्टर'मध्ये, शून्य सोडून काहीही दिसलं तर त्या डिस्कवरचा डेटा आधी बाहेर काढा, बाकी गप्पा नंतर. बऱ्याच जुन्या लॅपटॉपचं दुखणं म्हणजे त्यातली ५४०० आरपीएमची हार्डडिस्क. तिथे एक साधी साटा एसएसडी बसवली की तेच मशीन आणखी काही वर्षं आरामात चालतं. एसएसडीचेही भाव वर चाललेत, पण नव्या लॅपटॉपपुढे ते काहीच नाहीत.

नेटचंही तेच. ६ सप्टेंबर २०२५ ला जेद्दाजवळ लाल समुद्रात केबल तुटल्या. भारतापासून आखातापर्यंत नेट मंदावलं, मायक्रोसॉफ्टनं आपल्या अझ्युर या क्लाउडच्या ग्राहकांना तशी सूचनाही दिली. त्या आठवड्यात किती जणांनी राउटर बदलले असतील देव जाणे. कमांड प्रॉम्प्टमध्ये ट्रेसर्ट (डेटा कोणत्या वाटेनं जातो ते दाखवणारा आदेश) चालवलं तर अर्ध्या मिनिटात कळतं. पहिली ओळ तुमच्या राउटरची, तिथे एक-दोन मिलीसेकंद, वाय-फायवर जरा जास्त. पुढच्या एक-दोन ओळी नेटवाल्याच्या. नंतर मुंबई. मुंबईहून युरोपला जाऊन यायला एरवी सव्वाशे-दीडशे मिलीसेकंद लागतात. मुंबईपर्यंत सगळं सुरळीत आणि पुढच्या ओळीत आकडा एकदम तीनशेवर, तर तुमचा डेटा सिंगापूरवरून पृथ्वीप्रदक्षिणा घालतोय. राउटरनं तुमचं काहीही वाईट केलेलं नाही.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. गुजरातेत वाडीनारला नायरा एनर्जीची वर्षाला २ कोटी टन क्षमतेची रिफायनरी आहे. रशियाच्या रोझनेफ्टचा तिच्यात ४९.१३ टक्के वाटा. १८ जुलै २०२५ ला युरोपियन संघानं निर्बंधांच्या अठराव्या पॅकेजमध्ये नायराचं नाव घातलं आणि लगेचच्या आठवड्यात मायक्रोसॉफ्टनं कंपनीच्या ईमेलसकट सेवा बंद केल्या. कंपनी भारतात नोंदलेली, परवान्यांचे पैसे भरलेले, विकणारी कंपनी अमेरिकेची आणि निर्णय युरोपचा! नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, महिना संपायच्या आत सेवा पूर्ववत झाल्या. मधल्या काळात ईमेलसाठी आधार कोणाचा घेतला? रेडिफचा. ज्या रेडिफमेलचा पासवर्ड आपण सगळे कधीच विसरून बसलोय, तीच.

तर माझं म्हणणं असं. मशीन हातात घेतलं की मी आधी बघतो, या बिघाडावर हुकूम कोणाचा चालतो. घरातलाच असेल तर स्क्रूड्रायव्हर काढतो. कंपनीच्या खात्यात अडकलेला असेल तर पासवर्ड आणि रिकव्हरीचा मोबाइल नंबर तपासतो. दुसऱ्या देशाच्या सरकारच्या हातात असेल तर तिथे दुरुस्ती नसते, दुसरी सोय असावी लागते, आणि ती आधीच करून ठेवावी लागते. हे माझं वैयक्तिक मत. तुमचे अनुभव लिहा.

तिरकसराव

म्हणजे यापुढे नेट गेलं की केबलवाल्याऐवजी येमेनच्या हुथी बंडखोरांना फोन लावायचा. नंबर असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बाकी धाग्याची जिलबी बरी पडली आहे. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सोल्डरवाला

@तिरकसराव, २०२५ च्या त्या तुटण्यात हुथींचा हात असल्याचं सिद्ध झालेलं नाही. केबल बऱ्याचदा जहाजाच्या नांगरानं तुटतात. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये मात्र हुथींनी रुबीमार या जहाजावर मारा केला, खलाशी जहाज सोडून गेले आणि ते नांगर फरफटत वाहत राहिलं. समुद्रतळाच्या केबल त्यातच तुटल्या असाव्यात असा अमेरिकेनं निष्कर्ष काढला. म्हणजे फोन लावलात तरी ते "नांगराला विचारा" म्हणतील.

गंमत सोडा, मुंबईला येणाऱ्या बहुतेक केबल वर्सोव्याच्या छोट्याशा पट्ट्यात किनाऱ्याला लागतात. जुहू-वर्सोव्याला भेळ खाताना पायाखालून किती देशांची भांडणं वाहतायत याचा पत्ता नसतो आपल्याला.

निवृत्त_मास्तर

धागा उपयुक्त. माझा अनुभव लिहितो. लॅपटॉपच्या कंपनीनं बायोस अपडेट सुचवला, मी 'हो' म्हटलं. मशीन परत सुरू झालं ते थेट निळ्या पडद्यावर: बिटलॉकर रिकव्हरी की (किल्ली) टाका. मी असली किल्ली कधी तयार केलीच नव्हती. पेन्शनची कागदपत्रं, नातवंडांचे फोटो सगळं त्यात. जिथून लॅपटॉप घेतला त्या दुकानात गेलो तर म्हणे "फॉरमॅटशिवाय इलाज नाही". सध्या मशीन तसंच ठेवलंय. काही होईल का?

सोल्डरवाला

मास्तर, फॉरमॅट अजिबात करू देऊ नका. किल्ली तयार झालेली आहे, तुम्हाला न विचारता झाली एवढंच. हल्लीच्या लॅपटॉपवर पहिल्यांदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकरनं डिस्क कुलूपबंद करणं, आपोआप चालू होतं आणि किल्ली त्याच खात्यात जाऊन बसते. बायोस बदलला की टीपीएमला संशय येतो आणि तो किल्ली मागतो.

त्या निळ्या पडद्यावर 'रिकव्हरी की आयडी' असेल, त्याची पहिली आठ अक्षरं कागदावर लिहून घ्या. मग मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जा, डिव्हाइसेस उघडा, तिथे बिटलॉकर कीजची यादी असेल. एकाहून जास्त किल्ल्या असल्या तर आयडी जुळवून बघा. किल्ली ४८ आकड्यांची असते, सहा-सहाचे आठ गट. सावकाश टाका.

यादी रिकामी निघाली तर एकच प्रश्न: लॅपटॉप नवा असताना चालू कोणी करून दिला होता?

निवृत्त_मास्तर

यादी रिकामीच आहे. चालू करून दिला होता दुकानातल्या मुलानं. ईमेल वगैरे त्यानंच टाकलं, मी फक्त पिन ठरवला.

सोल्डरवाला

मग किल्ली त्या मुलाच्या खात्यात आहे! हे फार ठिकाणी होतं. पोरं घाईत असतात, गिऱ्हाइकाला पासवर्ड आठवत नसतो, मग आपलंच ईमेल ठोकून देतात. दुकानात जाऊन त्याच मुलाला गाठा आणि त्याच्या मोबाइलवर त्याचं खातं उघडायला लावा. आयडी तुमच्याजवळ आहेच.

मशीन उघडलं की आधी फोटो दुसऱ्या डिस्कवर घ्या. मग त्याचं खातं काढून तुमचं टाका, सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन एकदा बंद करून पुन्हा चालू करा. नवी किल्ली तयार होईल, तिची प्रिंट काढून घराच्या कागदपत्रांत ठेवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवू नका, हे सांगावं लागू नये पण सांगतो. आणि यापुढे बायोस अपडेटच्या आधी एन्क्रिप्शन थांबवायचं.

याच किल्लीनं १९ जुलै २०२४ ला जगाला रडवलं होतं. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल सुमारे ८५ लाख विंडोज मशीनवर गेली, विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. उपाय सोपा होता: सेफ मोडमध्ये जायचं आणि ती एक फाइल पुसायची. पण बिटलॉकर असलेल्या मशीनला सेफ मोडआधी ४८ आकडे हवे होते, आणि काही ठिकाणी त्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर होत्या तोही त्याच फाइलनं आडवा झालेला.

बार्शीकर_परदेशी

जर्मनीतून लिहितोय. इकडे मायक्रोसॉफ्टवर अवलंबून राहण्याचा विषय सध्या जेवणाच्या टेबलावर असतो. श्लेसविग-होल्स्टाइन या राज्यानं सरकारी कचेऱ्यांतली ४० हजारांहून जास्त मेलबॉक्स मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज-आउटलुकवरून ओपन-एक्स्चेंज आणि थंडरबर्ड या मुक्त सॉफ्टवेअरवर नेली, २०२५ च्या ऑक्टोबरात ते काम पुरं झालं. वर्डच्या जागी लिब्रेऑफिस. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानंही मायक्रोसॉफ्ट सोडून ओपनडेस्क हा मुक्त ऑफिस संच घ्यायचं ठरवलं. त्यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. ट्रम्प यांनी त्या न्यायालयाचे अभियोक्ता करीम खान यांच्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंध घातले, आणि त्यानंतर त्यांचं ईमेल बंद पडल्याच्या बातम्या आल्या. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं, आम्ही न्यायालयाची सेवा थांबवलेली नाही. पण घाबरायचं ते लोक घाबरलेच.

मात्र म्युनिकची गोष्टही सांगायला हवी. त्या शहरानं २००३ मध्ये लिनक्स या मुक्त सिस्टिमवर जायचं ठरवलं, दहा वर्षं खपून हजारो मशीन नेली आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर यायचा ठराव केला. त्यामुळे सोय उभी करणं वेगळं आणि ती चालवणारे लोक टिकवणं वेगळं.

शंकेखोर

एवढं सगळं लिहिलंत पण उत्तर सांगायला का कचरता? स्वदेशी वापरा. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचं ईमेल झोहोवर गेलंच आहे. संरक्षण मंत्रालयानं माया ही ऑपरेटिंग सिस्टिम आणली. आपली बॉस ही सिस्टिम सी-डॅक या सरकारी संस्थेनं कधीच बनवली आहे. आणि पुणेकरांना तरी परम महासंगणक विसरून चालणार नाही. अमेरिकेनं आपला क्रे महासंगणक नाकारला, आपण १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. इच्छाशक्ती हवी.

तिरकसराव

आला! परम आला! मी म्हणतच होतो की पंधराव्या प्रतिसादाच्या आत येईल.

सोल्डरवाला

@शंकेखोर, परमबद्दल मलाही अभिमान आहे, पण त्याच्या आत काय होतं हेही लक्षात ठेवू. परम ८००० मधले प्रोसेसर इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. सी-डॅकची करामत ही की बाजारात मिळणाऱ्या, कोणी अडवलेल्या नसलेल्या चिप मोठ्या संख्येनं जोडून एकत्र काम करायला लावल्या. यातून मी घेतो तो धडा असा: सगळं घरी बनवायचा हट्ट न धरता, एकानं दार लावलं तर दुसऱ्या दारानं जाता येईल अशी रचना करायची. माया आणि बॉसही याच जातीचे आहेत. माया उबुंटू आणि बॉस डेबियन या लिनक्सच्या अवतारांवर उभं आहे, म्हणजे जगभरच्या लोकांनी लिहिलेल्या कोडवर. त्यात कमीपणा काही नाही. परवाना रद्द करणारा कोणी नसणं ही त्यातली खरी किंमत.

आणि इच्छाशक्तीचं म्हणाल तर ३ ऑगस्ट २०२३ आठवा. सरकारनं लॅपटॉपच्या आयातीला परवान्याची अट घातली, ती सुद्धा त्या क्षणापासून. दुसऱ्याच दिवशी ती ऑक्टोबरअखेरपर्यंत पुढे ढकलावी लागली आणि शेवटी नोव्हेंबरपासून ऑनलाइन अर्ज करून परवानगी घ्या यावर गाडी थांबली. इथे बनणाऱ्या लॅपटॉपची जुळणी इथे होते, आतली चिप अजून बाहेरूनच येते. मायक्रॉनचा साणंदचा प्रकल्पही चिपची जुळणी, तपासणी आणि पॅकिंग करणारा आहे. वेफर तिथे बनत नाही. तोही हवाच, नाही म्हणत नाही. पण म्हणून लॅमिंग्टन रोडवरचा भाव उद्या उतरेल अशी आशा धरू नका.

शंकेखोर

म्हणजे करायचं काहीच नाही? नुसतं रडायचं? केरळनं करून दाखवलंय की.

सोल्डरवाला

केरळचं उदाहरण पटतं, आणि ते तुमच्या मुद्द्यापेक्षा मोठं आहे. तिथल्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअर चालतं, काइट या सरकारी संस्थेनं उबुंटूवरून बेतलेली स्वतःची सिस्टिम दिली. पण नुसती सिस्टिम देऊन ते थांबले नाहीत. शिक्षकांना शिकवलं, पुस्तकं त्यावरच लिहिली. म्युनिकचं गाडं अडलं त्यात राजकारण होतंच, पण रोज वापरणाऱ्यांची कुरकुरही होती. आपल्याकडे शाळेत लिनक्सची सीडी यायची, ती कपाटात जायची आणि लॅबमध्ये चोरीचं विंडोज चालायचं.

संपादक

राजकीय पक्षांची नावं घेऊन एकमेकांची उणीदुणी काढणारे प्रतिसाद उडवले आहेत. धाग्याचं रणांगण करू नये ही विनंती.

अक्षरजुळणी

सांगलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंकांचं काम. पेजमेकर ७ (पानं जुळवायला) आणि श्रीलिपी (मराठी फाँटसाठी), हार्डवेअर लॉकसकट, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायच्या परवान्याच्या किल्लीसकट. वीस वर्षांच्या फाइली त्यातच आहेत. मशीन विंडोज १० वर आहे आणि विंडोज ११ त्याला चालत नाही. नवा कॉम्प्युटर घेतला तर लॉक चालेल की नाही सांगता येत नाही, लिनक्सवर तर विषयच नाही. आमच्यासारख्यांनी काय करावं, भाऊ?

सोल्डरवाला

ताई/दादा (आयडीवरून कळत नाही, चूभूद्याघ्या), तुमचं मशीन बदलू नका. त्याचं नेट काढा.

खरंच. पेजमेकर ७ हे २००१ चं, त्यानंतर अडोबीनं पुढची आवृत्ती काढलीच नाही. त्याला नेटची गरज नाही, श्रीलिपीच्या लॉकलाही नाही. अपडेट थांबल्याचा धोका आहे तो मुख्यतः नेटवर आणि बाहेरून येणाऱ्या फाइलींमध्ये. गिऱ्हाइकाचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर दुसऱ्या कोणत्याही साध्या मशीनवर घ्या, तिथे तपासा, मग एकाच राखून ठेवलेल्या पेनड्राइव्हनं आत न्या. त्या दुसऱ्या मशीनवर लिनक्स मिंट टाकलंत तरी चालेल. मराठी इनस्क्रिप्ट त्यात आहेच.

दोन कामं मात्र आत्ता करा. एक, आहे त्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. उद्या डिस्क गेली तर विंडोज, पेजमेकर, फाँट सगळं तसंच परत उभं राहील. दुसरं जरा वेळखाऊ. जुन्या फाइली उघडायला इनडिझाइनची सीएस६ पर्यंतची आवृत्ती लागते, त्यापुढच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइली घेत नाहीत. शिवाय तुमचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही उघडेल अशा प्रमाण अक्षरसंचात, नाही. ज्या मजकुराचं पुढे पुन्हा काम पडणार आहे, संस्थांचे अहवाल वगैरे, तो कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणून ठेवा आणि रफार, जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. तिथेच सगळी गडबड होते. लग्नपत्रिका सोडून द्या, तेच लग्न परत कोणी लावत नाही.

अक्षरजुळणी

दादाच. :) नेट काढायचं हे डोक्यात आलं नव्हतं. लॉकचा ड्रायव्हर प्रतिमेतून परत येईल ना?

सोल्डरवाला

त्याच मशीनवर परत आणलीत तर येतो. बोर्ड बदलला तर सांगता येत नाही, म्हणून ड्रायव्हरची मूळ सीडी असेल तर तीही कॉपी करून ठेवा. सीडी जुन्या झाल्या की वाचल्या जात नाहीत.

जमाखर्च

सीए आहे. नायराचा किस्सा वाचून ऑफिसात चर्चा झाली. आमचं टॅली विंडोजवरच, डिजिटल सहीचा टोकन विंडोजवर, जीएसटीचं सही करायचं सॉफ्टवेअर विंडोजवर. लिनक्सवर जायचा प्रश्नच नाही. मग 'दुसरी सोय' म्हणजे आमच्यासाठी नेमकं काय? आणि काही मशीन विंडोज १० वर वाढीव अपडेट न घेता तशीच ठेवली तर कुठे अडेल?

सोल्डरवाला

आधी दुसरा प्रश्न. लगेच कुठेच अडणार नाही, आणि तीच भीती आहे. सिक्युअर बूटची (मशीन सुरू होतानाच्या तपासणीची) मायक्रोसॉफ्टची २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून संपायला लागतात. नवी प्रमाणपत्रं अपडेटमधूनच येतात. अपडेट न घेणारं मशीन सुरू होत राहील, पण बूटच्या वेळच्या सुरक्षेची पुढची दुरुस्ती त्याला मिळणार नाही. गिऱ्हाइकांचे पॅन, बँक खाती असलेल्या मशीनवर हे चालवून घेऊ नका. मशीन कंपनीच्या नेटवर्क डोमेनला जोडलेलं असेल तर वाढीव अपडेटची घरगुती योजना लागू होत नाही, व्यावसायिक परवाना घ्यावा लागतो, तेवढं बघा.

दुसरी सोय: टॅलीचा डेटा तुमच्याच डिस्कवर आहे ही तुमची ताकद आहे. त्याची रोजची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काम झालं की काढून ठेवा, लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरसोबतच (फाइली ओलीस धरणाऱ्या व्हायरससोबतच) जाते. ऑफिसचं ईमेल स्वतःच्या डोमेनवर असू द्या, म्हणजे पत्त्यात @ नंतरचं नाव तुमचं. डोमेन तुमचं असेल तर उद्या मेलची सेवा देणारा बदलता येतो आणि गिऱ्हाइकाला पत्ता तोच राहतो. नायराला रेडिफवर जाता आलं ते बहुधा अशाच कारणानं. जुनी पत्रं मात्र परक्या क्लाउडवरच राहतात, म्हणून थंडरबर्डमध्ये सगळ्या मेलची एक प्रत उतरवून घेत जा.

बार्शीकर_परदेशी

+१. आणि डोमेनचं नूतनीकरण ऑफिस सोडून गेलेल्या माणसाच्या क्रेडिट कार्डावर नाही ना, तेही बघा. इकडे एका ओळखीच्या छोट्या कंपनीचं डोमेन तसंच गेलं.

निवृत्त_मास्तर

मुलगा भेटला. दुसऱ्या दुकानात लागला होता, पण आला. त्याच्या खात्यात अनोळखी लोकांचे मिळून ढीगभर लॅपटॉप होते! आयडी जुळवून किल्ली सापडली, मशीन उघडलं. फोटो दुसऱ्या डिस्कवर घेतले, खातं बदललं.

तिरकसराव

म्हणजे ब्रुसेल्स आणि वॉशिंग्टनच्या जोडीला तो पोरगाही महासत्ता निघाला.

सोल्डरवाला

मास्तर, झकास. त्या मुलाला सांगा की बाकीच्या गिऱ्हाइकांनाही फोन करून किल्ल्या देऊन टाक आणि मग ती मशीन आपल्या खात्यातून काढ. किल्ली न देता नुसतं काढलं तर ते सगळे लोक पुढच्या बायोस अपडेटला अडकतील.

जमाखर्च

शेवटचं एक. ऑफिसातल्या दोन लॅपटॉपना ८ जीबीवरून १६ करायचंय. आत्ता घ्यावी की थांबावं?

सोल्डरवाला

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर जाऊन 'स्लॉट्स यूज्ड' बघा. 'दोनपैकी एक' असं दिसलं तर एकच ८ ची पट्टी लागेल. डीडीआर४ आहे की ५ हे स्पीडवरून ओळखता येतं: ३२०० किंवा कमी असेल तर ४, ४८०० किंवा पुढे असेल तर ५. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असते, तिथे काहीच करता येत नाही, म्हणून मागचं झाकण उघडून खात्री केल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. टॅली आणि ब्राउझरला ८ पुरत असेल तर थांबा. रोज अडत असेल तर आजच घ्या, उतरण्याची वाट बघत बसू नका. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली पट्टी लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास मिळते, पण दुकानातच मेमटेस्टचा (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा) एक पूर्ण फेरा करून घ्या, आणि पट्टीवरचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या.